मिलिट्रीचे ॲक्सल आणि आम्ही चौघं

कंपनी सुटताना गेटवर सगळं जमा करून घेतात. ओळखपत्र, हेल्मेट, सेफ्टी बूट, लॉकरची किल्ली. किस्से मात्र कुणी जमा करून घेत नाही. चौदा वर्षांचे किस्से घेऊन मी वाळूजच्या त्या गेटातून बाहेर पडलो, आणि आता कुठंही चार माणसं बसली की एकेक निघतो. गंमत अशी, की त्यातले निम्मे कंपनीचे नाहीतच. एका जीपचे आहेत.

जीप आम्हा चौघांची. चौघंही एकाच कंपनीत, मेंटेनन्सच्या आसपासचे. शिरीष आमचा सुपरवायझर. जीपची कल्पना त्याची, आणि पडेगावच्या पुढं त्याच्या प्लॉटवर पत्र्याचं शेड होतं तेही त्याचंच. अन्वरभाई फिटर, शहागंजचे, आमच्यात वयानं मोठे. मिलिंद साळवे आधी लेथवर होता, मग क्वालिटीत गेला. चौथा मी, दिलीप, वेल्डर.

सोमवार ते शनिवार शिरीषला 'साहेब' म्हणायचं आणि रविवारी शेडमध्ये 'शिऱ्या'. हा नियम त्यानंच केला होता. आम्हाला तो फार आवडायचा. नियमही आणि शिऱ्याही.

* * *

जीप जुनी होती, पण इंजिन दांडगं. पहिल्यांदा तिला घेऊन आम्ही खुलताबादच्या पुढं सुलीभंजनकडच्या माळावर गेलो. तिथं दगडाधोंड्यांची एक चढण आहे. पोरंसोरं मोटारसायकली घालतात, बऱ्याचदा पडतात.

शिरीष चालवत होता. निम्म्यावर गेल्यावर मागचं एक चाक दोन दगडांत अडकलं. त्यानं ॲक्सिलेटर दाबला आणि खालून असा आवाज आला की जणू कुणी सुतळी बॉम्ब लावला. इंजिन गरगरतंय आणि गाडी जागेवर. चाकाला ताकद पोचवणारा ॲक्सलमधला दांडा मधोमध तुटला होता.

अन्वरभाईंनी जीपखाली डोकं घातलं, बाहेर काढलं, हात पुसले.

"गाडी हत्तीची, अन् पाय बकरीचे," ते म्हणाले.

ट्रॅक्टरला बांधून जीप परत आणली. त्याच दिवशी ठरलं, हिला जुन्या मिलिट्रीच्या गाडीचे जड ॲक्सल बसवायचे. पुढचा आणि मागचा, दोन्ही.

* * *

असे ॲक्सल दुकानात मिळत नाहीत. चार-पाच महिने भंगारवाल्यांकडं फिरलो. शेवटी अन्वरभाईंना कळलं, की अजिंठ्याच्या एका किराणा दुकानदाराकडं लिलावातली जुनी मिलिट्रीची गाडी घराच्या मागं उभी आहे. त्याच्या वडिलांनी कापूस वाहायला घेतली होती. वडील वारले, गाडी तशीच. आत कोंबड्या अंडी घालायच्या.

शिरीषनं गेल्या गेल्या ॲक्सलचं बोलायला तोंड उघडलं. अन्वरभाईंनी त्याचा हात दाबला. मग ते दुकानदाराशी दोन तास बोलले. वडील कसे होते, गाडी कोण चालवायचं, घाट कसा चढायची. ॲक्सलचा शब्द नाही. शेवटी दुकानदारच म्हणाला, काय पाहिजे ते न्या. पण एक अट. वडील शेवटची दोन वर्षं त्याच गाडीतल्या सीटवर बसून चहा प्यायचे, त्यामुळं गाडी कलती झालेली त्याला चालणार नव्हती.

आम्ही दोन्ही ॲक्सल काढले आणि गाडी दगडी चिऱ्यांवर ठेवली. मिलिंदनं पाणसळ लावून चारी कोपरे बघितले. एक कोपरा केसभर खाली होता, तर पत्र्याची चकती घालून तोही वर घेतला. दुकानदार कोंबड्या हाकलून सीटवर जाऊन बसला. स्टिअरिंगवर हात ठेवले.

आम्ही ॲक्सल टेम्पोत चढवत होतो. तो समोर बघत म्हणाला, "चला. आता तर ही नक्कीच कुठं जायची नाय."



* * *

ॲक्सल बसवणं म्हणजे जुना काढला, नवा लावला, इतकं सोपं नसतं. मिलिट्रीचे ॲक्सल चार बोटं जास्त रुंद. ज्या पाट्यांवर गाडी झुलते, त्या पाट्यांच्या बैठकी ॲक्सलवर नव्या जागी वेल्ड कराव्या लागतात. त्यातही ॲक्सलचं तोंड किती वर, किती खाली, याला महत्त्व. जरा चुकलं तर गाडी वेग घेतल्यावर थरथरते.

रीत अशी की आधी नुसते टाके मारायचे, गाडीचं वजन चाकांवर येऊ द्यायचं, कोन तपासायचा आणि मगच पक्की वेल्डिंग. मला ही रीत माहीत होती. पण त्या रविवारी सासुरवाडीला जायचं होतं, म्हणून मी सरळ पक्कीच मारून टाकली. सुंदर मारली होती. माशाच्या खवल्यासारखी एकावर एक.

मिलिंद बाजूला स्टुलावर बसून बघत होता. मी काच वर केली, घाम पुसला. तो उठला, ॲक्सलवर कोनमापक ठेवलं आणि म्हणाला, "तीन डिग्री खाली."

मी विचारलं, आधी का नाही सांगितलं? त्याला तर सुरुवातीलाच दिसलं असणार.

"मी क्वालिटीचा माणूस," मिलिंद म्हणाला. "माल तयार झाल्यावर तपासतो."

अख्खा दिवस मी ग्राइंडरनं स्वतःचीच वेल्डिंग कापत बसलो. सासुरवाडी राहिली. मिलिंदशी मी दोन आठवडे बोललो नाही. आता वाटतं, आमच्यात खोटं न बोलणारा माणूस तोच होता, आणि सगळ्यात जास्त राग मी त्याचाच धरला.

* * *

हा किस्सा मी हसवत सांगू शकत नाही, पण याच्याशिवाय पुढचे कळणार नाहीत.

कंपनीत वर्षभर कुजबुज होती की मेंटेनन्सचं काम कंत्राटदाराकडं जाणार. एका शुक्रवारी शिरीषनं मला कॉम्प्रेसर रूमच्या मागं बोलावलं. तिथं इतका आवाज असतो की शेजारच्याचंही ऐकू येत नाही. तो माझ्या कानाशी येऊन बोलला. चार माणसं कमी करायची आहेत. चौथं नाव माझं होतं. माझी पोरगी दहावीला, म्हणून त्यानं ते काढलं. कुणाला बोलू नको.

चारचा आकडा होता. माझं नाव निघालं तर तिथं दुसरं कुणाचं तरी बसलं असणार, हे न कळण्याइतका मी मूर्ख नव्हतो. विचारलं, कुणाचं? कॉम्प्रेसर चालू होता. त्याला ऐकू आलं नसेल, किंवा आलं असेल. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

"उपकार झाले साहेब," मी म्हणालो.

शुक्रवार होता. साहेब म्हणणं बरोबरच होतं.

शनिवारी दुपारी अन्वरभाईंच्या हातात पत्र पडलं.

* * *

दुसऱ्या दिवशी रविवार. मला वाटलं, आज शेडवर कुणी येणार नाही. मी गेलो तर अन्वरभाई जीपखाली झोपून ब्रेकचे पाइप जोडत होते. नेहमीच्या वेळेला, नेहमीच्या कपड्यांत. शिरीषनं सगळ्यांसाठी गरम इमरती आणली होती. पुडा उघडून बॉनेटवर ठेवला होता. कुणी हात लावला नव्हता.

मिलिंद शेवटी आला. सगळ्यांना जय भीम घातला, बसला नाही. उभ्या उभ्याच शिरीषला विचारलं, "यादी कुणी केली?"

"वरून आली," शिरीष म्हणाला.

"वरून फक्त आकडा येतो. नावं खालून जातात."

शिरीषनं एकदाच माझ्याकडं बघितलं.  मी बॉनेटवरच्या इमरतीकडं बघायला लागलो. मिलिंदनं आपली व्हर्निअर, कोनमापक, हत्यारांची पेटी उचलली, मोटारसायकलला बांधली आणि गेला. परत कधी शेडवर आला नाही.

जीपखालून अन्वरभाईंचा हात बाहेर आला. "दिलीप, ब्रेकचं तेल दे रे."

मी दिलं. नंतर त्यांनी इमरतीही खाल्ली. दोन खाल्ल्या. वर म्हणाले, चांगली आहे, तुपातली दिसते. मला एकही गेली नाही.

* * *

जीप उभी राहिली ती पुढच्या सहा महिन्यांत. अन्वरभाई तेव्हा स्टेशन रोडच्या एका गॅरेजला लागले होते. आठवडाभर दुसऱ्याच्या गाड्यांखाली झोपायचं आणि रविवारी आमच्या. त्यांनी सुट्टी अशी घेतलीच नाही.

त्याच चढणीवर जीपवाल्यांच्या एका क्लबनं कार्यक्रम ठेवला. दोरी बांधलेली, माइक लावलेला, पंधरा-वीस गाड्या रांगेत. गाडीत चालवणारा आणि एक सोबती, एवढ्यांनाच आत परवानगी. शिरीष चालवणार, आणि तो म्हणाला, दिलीप तू बस. मी बसलो. अन्वरभाई दोरीच्या बाहेर उभे.

जीप चढली. काय चढली! जिथं दांडा तुटला होता तिथं तर तिनं दगडच बाजूला ढकलला. खालून टाळ्या, शिट्ट्या. वर माइकवाला आला आणि शिरीषला म्हणाला, सर, असे ॲक्सल या शहरात कुणी बसवले?

शिरीष धापा टाकत होता, खुशीत होता. वाईट मनानं बोलला असं मी आजही म्हणणार नाही.

"आपला एक मेकॅनिक आहे ना," तो म्हणाला. "अन्वर म्हणून."

माइक चांगला होता. दोरीच्या बाहेरपर्यंत स्वच्छ ऐकू गेलं.

पुढच्या रविवारी अन्वरभाई शेडवर आले, हत्यारं काढली, आणि म्हणाले, "साहेब, किल्ली द्या."

शिरीष हसला. अन्वरभाई, आज रविवार आहे, म्हणाला. अन्वरभाईंनीही मान डोलावली. व्हय, रविवार आहे. पण त्या दिवसापासून त्यांनी त्याला शिऱ्या म्हटलं नाही.

* * *

दोन वर्षांनी कंपनीनं सगळं मेंटेनन्सच बंद केलं. मी गेलो, आणि त्याच दिवशी शिरीषही गेला. ज्यानं यादी केली तो यादीत आला, तर माणसाला बरं वाटायला पाहिजे. मला वाटलं नाही.

गेटसमोर चहाच्या टपरीवर आम्ही दोघं आपापली पत्रं घेऊन बसलो होतो. शिरीष त्याचं पत्र पुन्हा पुन्हा वाचत होता. मग त्यानं बोट ठेवून मला एक ओळ दाखवली. 'आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.' त्यात 'वाटचालीस'मधला 'ट' गळला होता. 'वाचालीस' झालं होतं.

मी म्हणालो, टायपिंगची चूक असेल.

"माझीच चूक आहे," शिरीष म्हणाला. "अन्वरच्या वेळी मसुदा मीच केला होता. त्यांनी नुसतं नाव बदललं."

* * *

पुढं वर्ष-दीड वर्षानं शिरीषनं पुण्याला पोराकडं जायचं ठरवलं. शेड मोडायचं होतं, जीपही विकायची होती. जुनी गाडी, कागद नवे करायचे तर आधी आरटीओची तपासणी. आम्ही दोघं घेऊन गेलो.

तपासणारे साहेब साधे होते, उगाच अडवणारे नव्हते. वाकून खाली बघितलं. मग शर्टाची पर्वा न करता जमिनीवर उताणे झाले आणि पाच मिनिटं आतच राहिले. बाहेर आले तेव्हा डोळ्यांत कौतुक होतं. विचारलं, हे काम कुणी केलं? मी सांगितलं, शहागंजचे अन्वरभाई. शिरीष मान खाली घालून उभा होता.

साहेब म्हणाले, पंचवीस वर्षं गाड्या तपासतोय, इतकं नेटकं काम बघितलं नाही. शिरीषचा चेहरा जरा उजळला.

"पण जीपच्या कंपनीचे ॲक्सल नाहीत, त्यामुळं पास होणार नाही," साहेब म्हणाले. "जुने लावा आणि आणा."

जुने ॲक्सल शेडच्या कोपऱ्यात पडून होते, गंज खात. बकरीचे पाय. सात वर्षं खपून जे बसवलं ते काढायचं आणि जे टाकलं ते लावायचं. शिरीषला अन्वरभाईंना सांगायची हिंमत होईना. मी गेलो. अन्वरभाईंनी ऐकून घेतलं, आणि रविवारी येतो म्हणाले.

* * *

त्या रविवारी आम्ही दोघंच होतो. शिरीष सामान बांधायचं म्हणून आला नाही. मिलिंदचा प्रश्नच नव्हता.

सकाळपासून लागलो. चेनकप्पीनं जीप उचलली, जड ॲक्सल सोडवले. माझ्या वेल्डिंगला कटर लावायची गरज पडली नाही, बैठकी ॲक्सलसोबतच उतरल्या. दुपार होईपर्यंत तुटका दांडा बदलून जुना मागचा ॲक्सल वर घेतला होता आणि आम्ही दोघं पाठीवर झोपून, डोक्याला डोकं लावून, नट आवळत होतो.

का कोण जाणे, तिथं मला ते बोलावंसं वाटलं. समोरासमोर उभं राहून चार वर्षं जमलं नव्हतं. गाडीखाली माणसाला माणसाचं तोंड दिसत नाही.

"अन्वरभाई," मी म्हणालो, "त्या यादीत आधी माझं नाव होतं. ते काढून तुमचं घातलं. मला शुक्रवारीच कळलं होतं."

पान्याचा आवाज थांबला नाही. त्यांनी तो नट पूर्ण आवळला. मग शेजारचा घेतला.

"मालूम है," ते म्हणाले. "शिरीषनं त्याच आठवड्यात घरी येऊन सांगितलं. रडला."

 चार वर्षं. ब्रेकचं तेल, इमरती, चढण, प्रत्येक रविवार. मी विचारलं, मग तुम्ही बोलला का नाहीत?

"तू कधी बोलतोस ते बघत होतो. वरचा नट धर."

मी नट धरला. पुढं तीन तास आम्ही काम केलं. पाना दे, उचल, सोड, एवढंच. काम नेहमीसारखंच झालं. अन्वरभाईंनी प्रत्येक नट दोनदा तपासला, टाकाऊ ॲक्सल असूनही.

चारच्या सुमाराला जीप खाली घेतली. चालवून बघायला पाहिजे होती. अन्वरभाई स्टिअरिंगवर बसले, मी शेजारी. छावणीतून, मिल कॉर्नरवरून त्यांनी ती थेट शहागंजात घातली. बाजाराची गर्दी होती. हातगाड्या, रिक्षा, कापडवाले, सगळ्यांतून त्यांनी ती अगदी हळू काढली आणि आपल्या गल्लीच्या तोंडाशी, घरासमोर उभी केली.

त्यांच्या घरी मी शेकडो वेळा जेवलो आहे. भाभींनी सकाळीच निरोप ठेवला होता, म्हणे, दोघं येतायत तर मटणाचा खलिया करते, नान मागवते. दारातून वास येत होता. त्यांची धाकटी पोरगी खिडकीतून ओरडली, दिलीप चाचा आले.

मी गाडीतून उतरलो. म्हणालो, अन्वरभाई, मी निघतो, इथून रिक्षा मिळेल.

अन्वरभाईंनी किल्ली काढली. खिशात घातली. दाराच्या पडद्याला हात घालून माझ्यासाठी तो बाजूला धरला आणि हळू आवाजात म्हणाले, "जेवून जा. फक्त ते आत बोलू नको. आत तुझी इज्जत हाय."

मी बूट काढले.